चेल्सी सुटतं, एव्हर्टन अडकतं, हे कसं काय? एका सीएचं उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. कोथरूडच्या एका पोराने विचारलंय की इंग्लिश फुटबॉलमध्ये चेल्सीने नवीन मालक आल्यापासून एक अब्ज पाउंडच्या वर खेळाडू घेतले, त्या खरेदीपायी त्यांचा लीगमधला एक पॉइंट गेला नाही, आणि एव्हर्टन नि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे मात्र एकाच सीझनमध्ये पॉइंट कापले. मँचेस्टर सिटीवर शंभराच्या वर आरोप आणि केस वर्षानुवर्षं लांबली. मग हे खर्चाचे नियम फक्त गरिबांसाठीच आहेत का? आणि शेवटी एक जोडप्रश्न, असे नियम आपल्याकडे असते तर पुण्याचे क्लब वाचले असते का?

मी सीए आहे, पेठेत ऑफिस, सगळं आयुष्य ऑडिटमध्ये गेलं, आणि शनिवार-रविवारी रात्री मॅच बघायचा जुना आजार आहे. त्यामुळे इंग्लिश क्लबांची बॅलन्स शीट वाचणे हा माझा टाइमपास. घरचे हसतात, हसू देत.

पहिली गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे हे नियम खर्चावर आहेत. नाहीत. इंग्लंडमधला २०२५-२६ पर्यंतचा नियम, ज्याला सगळे पीएसआर (प्रॉफिटेबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रूल्स) म्हणतात, तो पुस्तकातला तोटा मोजतो. खर्च वेगळा, कॅश वेगळी आणि तोटा वेगळा, आणि ह्या तिघांतला फरक ज्याला कळला त्याला चेल्सीही कळलं आणि एव्हर्टनही. ज्याला नाही कळला तो ट्रान्सफर विंडोच्या शेवटच्या रात्री "एवढे पैसे आले कुठून" म्हणत बसतो.

नियम साधा आहे. तीन वर्षांचा मिळून तोटा १०.५ कोटी पाउंडच्या वर जाता कामा नये, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी. त्यातही मालकाने शेअर कॅपिटल म्हणून खरे पैसे घातले तरच पूर्ण साडेदहाची सूट, नाहीतर तीन वर्षांत फक्त दीड कोटी. आणि ह्या तोट्यातून काही खर्च वजा करून मिळतात, म्हणजे अकॅडमी, महिला फुटबॉल, समाजकार्य, स्टेडियम नि ट्रेनिंग ग्राउंडचा घसारा. चांगल्या कामावर खर्च केला तर तो मोजत नाहीत, हे मला पटतं. प्रीमियर लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, हीच मर्यादा वर्षाला फक्त १.३ कोटी. हा आकडा लक्षात ठेवा, फॉरेस्टच्या वेळी लागणार आहे.

आता खरी गंमत. खेळाडू विकत घेतला की त्याची ट्रान्सफर फी त्या वर्षी खर्चात पडत नाही. ती अॅसेट म्हणून बॅलन्स शीटवर बसते आणि कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांत सारखी वाटून दर वर्षी थोडी थोडी खर्चाला जाते. ह्याला अमॉर्टायझेशन. आपल्याकडे सॉफ्टवेअर लायसन्स किंवा पेटंट घेतलं की जे करतो तेच, इनटँजिबल अॅसेट, म्हणजे हाताला न लागणारी मालमत्ता, काही वेगळी जादू नाही. एन्झो फर्नांडिस घ्या. जानेवारी २०२३, फी १०.६८ कोटी पाउंड, कॉन्ट्रॅक्ट साडेआठ वर्षांचं. भागाकार करा, वर्षाला साधारण सव्वा कोटी. हाच माणूस पाच वर्षांवर घेतला असता तर वर्षाला २.१४ कोटी पडले असते. एका खेळाडूमागे वर्षाला पाऊण कोटीच्या वर फरक, आणि चेल्सीने अशी लांब कॉन्ट्रॅक्टं एकट्या एन्झोला थोडीच दिली, मुद्रिकलाही साडेआठ वर्षं दिली, बाकीचेही होतेच. एकही नियम न मोडता तोटा पातळ केला.

मग युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २०२३ च्या उन्हाळ्यात म्हटलं की कॉन्ट्रॅक्ट कितीही वर्षांचं करा, आमच्या हिशोबात पाचच वर्षं धरणार, आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनीही तेच पास केलं. पण मागच्या कॉन्ट्रॅक्टना लागू नाही. म्हणजे ज्यांनी आधी केलं त्यांचं झालं, हे आपल्याकडच्या टॅक्सवाल्यांना काही नवीन नाही, बजेटच्या आदल्या महिन्यात काय काय उरकून घेतलं जातं ते सगळ्यांनाच माहितीय.

विकण्याची बाजू तर अजून भारी. समजा ५ कोटीला पाच वर्षांसाठी घेतलेला खेळाडू आहे, दोन वर्षं झाली, दोन कोटी खर्चाला गेले, पुस्तकात उरले तीन. आता तो साडेतीनला विकला. बाहेरचा माणूस म्हणणार दीड कोटीचं नुकसान झालं, पुस्तक म्हणणार अर्धा कोटी नफा. आणि हा नफा सगळाच्या सगळा विकलं त्या वर्षी, पैसे भले तीन हप्त्यांत येऊ देत. म्हणजे खरेदी वाटून, विक्री एकरकमी. अख्खा ट्रान्सफर मार्केट ह्या एका तिरकेपणावर चालतो असं म्हटलं तरी चालेल.

आणि अकॅडमीतून आलेल्या पोराची पुस्तकातली किंमत शून्य, तो विकला की फी म्हणजे निव्वळ नफा. म्हणूनच चेल्सीने मेसन माउंट मँचेस्टर युनायटेडला दिला, म्हणूनच कॉनर गॅलाघर अॅटलेटिको माद्रिदला गेला. फॅन्स रडतात की आपल्या घरचा मुलगा विकला, पण घरचा मुलगा विकणं हेच अकाउंट्सच्या दृष्टीने सगळ्यात फायद्याचं, नियमच तसा आहे. हा ह्या नियमाचा सगळ्यात वाईट परिणाम आहे असं मला वाटतं. ज्या अकॅडमीचा खर्च सूट म्हणून वजा करून देता, त्याच अकॅडमीचं पोर आधी विकायला लावता.

जून २०२४ मध्ये तर हद्द झाली. बऱ्याच क्लबांचं वर्ष ३० जूनला संपतं, त्यामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात एकदम सौदे. अॅस्टन व्हिलाने ओमारी केलीमन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा १.९ कोटीला चेल्सीला दिला, सिनियर टीमकडून जेमतेम थोड्या मॅचेस खेळलेला, आणि चेल्सीकडून इयन मात्सेन ३.७५ कोटीला घेतला. दोघांनाही त्या वर्षी जवळजवळ सगळा नफा, खर्च मात्र पुढच्या वर्षांत वाटून. न्यूकॅसलने इलियट अँडरसन फॉरेस्टला दिला आणि फॉरेस्टचा गोलकीपर घेतला. एव्हर्टन नि व्हिलाचीही अशीच पोरांची देवाणघेवाण. ह्यातलं बेकायदेशीर काही नाही. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोन ओळखीच्या पार्ट्या एकमेकांना बिलं फाडतात तेव्हा ऑडिटरच्या भुवया जशा वर जातात तशा माझ्या गेल्या. इटलीत तर हा प्रकार जुनाच. २०२० मध्ये युव्हेंटस नि बार्सिलोनाने आर्थर आणि प्यानिच ह्यांची अदलाबदल केली, एकाची किंमत ७.२ कोटी युरो, दुसऱ्याची ६ कोटी, प्रत्यक्षात हातात फरक फक्त १.२ कोटीचा, आणि नफा दोन्ही पुस्तकांत कितीतरी पट. पुढे फुगवलेल्या ट्रान्सफर नफ्यांच्या प्रकरणात युव्हेंटसचे जानेवारी २०२३ मध्ये १५ पॉइंट कापले, ते अपिलात फिरलं, शेवटी मे महिन्यात १० वर आलं.

आता तुझ्या मूळ तक्रारीकडे येतो.

फॉरेस्ट. मोजणीच्या तीन वर्षांपैकी दोन चॅम्पियनशिपमध्ये, एक प्रीमियर लीगमध्ये. म्हणजे १.३ अधिक १.३ अधिक ३.५, मर्यादा ६.१ कोटी. त्यांचा तोटा ह्याच्यावर ३.४५ कोटीने गेला. आणि त्यांच्याकडे ब्रेनन जॉन्सन होता, अकॅडमीचा, म्हणजे विकला की सगळा नफा. तो त्यांनी स्पर्सला, म्हणजे टॉटनहॅमला, ४.७५ कोटीला विकला. कधी? १ सप्टेंबर २०२३ ला. वर्ष संपलं ३० जूनला. दोन महिने आधी ह्याच किमतीला विकला असता तर मर्यादेच्या आत बसले असते, वर शिल्लकही राहिली असती. त्यांचं म्हणणं असं की घाईत विकला असता तर कमी किंमत आली असती, थांबलो म्हणून जास्त मिळाले, म्हणजे क्लबच्या तब्येतीच्या दृष्टीने आम्ही शहाणपणाच केला. लीगच्या स्वतंत्र कमिशनने ऐकून घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये चार पॉइंट कापले.

मला विचाराल तर धंद्याच्या दृष्टीने फॉरेस्ट बरोबर आणि नियमाच्या दृष्टीने कमिशन बरोबर. कट-ऑफ डेट म्हणजे कट-ऑफ डेट. क्लायंट दर वर्षी एप्रिलमध्ये येऊन सांगतो, "साहेब चेक पाच तारखेला आलाय, पण काम मार्चचंच आहे, घ्या ना धरून." कामाचं उत्पन्न एक वेळ धरता येईल, पण एप्रिलमध्ये झालेला सौदा मार्चमध्ये कसा धरणार? जॉन्सनच्या विक्रीचा करार जूनमध्ये झालाच नव्हता, विषय संपला.

एव्हर्टनचं वेगळं. तोटा १२.४५ कोटी, मर्यादा १०.५, जादा १.९५. नवीन स्टेडियमच्या कर्जावरचं व्याज कुठे धरायचं ह्यावर बराच वाद झाला. पण मर्यादा ओलांडली हे त्यांनी शेवटी स्वतःच कबूल केलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० पॉइंट, अपिलात फेब्रुवारी २०२४ ला ६, आणि पुढच्या तीन वर्षांच्या मोजणीसाठी एप्रिलमध्ये अजून २. एकाच सीझनमध्ये आठ गेले. तरी एव्हर्टन आणि फॉरेस्ट दोघेही त्या वर्षी वाचले, हे लोक विसरतात.

आता सिटी का लांबली? कारण ही केस मुळात वेगळ्या जातीची आहे. एव्हर्टन आणि फॉरेस्टने मर्यादा ओलांडल्याचं स्वतःच कबूल केलं होतं, फक्त बेरीज-वजाबाकी आणि शिक्षा किती एवढाच प्रश्न. सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये जे आरोप लागले त्यांचा गाभा असा की आकडेच खरे नव्हते, म्हणजे स्पॉन्सरचे म्हणून दाखवलेले पैसे मालकाच्या बाजूने आले, वगैरे, आणि सिटीने हे सगळं साफ नाकारलं. हे सिद्ध करायचं तर ईमेल, बँक ट्रेल, साक्षी, प्रत्येक पानावर वकिलांची हरकत. सोप्या भाषेत, एकाने रिटर्नमध्ये स्वतःच जादा टॅक्स देणं निघतं म्हणून दाखवलं, आणि दुसऱ्यावर पुस्तकंच खोटी ठेवल्याचा आरोप आहे. पहिल्याची नोटीस महिन्यात निकालात निघते, दुसऱ्याची वर्षानुवर्षं चालते, आणि दुसऱ्याकडे चांगला वकील असेल तर अजून चालते, हे काही फुटबॉलचं वैशिष्ट्य नाही. आधी २०२० मध्येही युएफाने सिटीला युरोपच्या स्पर्धांतून दोन वर्षं बाहेर काढलं होतं, ३ कोटी युरो दंडासकट, आणि स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने बंदी उठवून दंड १ कोटीवर आणला, कारण काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काही मुदतीबाहेर गेले होते. मुदतीबाहेर! ऑडिटवाल्याला ह्या शब्दाची किती भीती असते विचारू नका.

त्यामुळे "गरिबाला लगेच, श्रीमंताला उशिरा" हे दिसतं तसं खरं आहे, पण त्यामागे कोणी बसून भेदभाव करतंय असं मला वाटत नाही. प्रामाणिकपणे आकडे भरणारा लवकर अडकतो, ही खरी बोच आहे, आणि ती जास्त वाईट आहे.

चेल्सीचं मात्र तू विचारलंस ते योग्यच. २०२३-२४ च्या अकाउंट्समध्ये त्यांनी १२.८४ कोटी पाउंड नफा दाखवला. नफा! कसा? आपली महिला टीम आपल्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीला विकून. त्यातून जवळपास २० कोटी नफा. ते काढलं तर साधारण ७ कोटींचा तोटा. सौद्याची तारीख २८ जून २०२४, वर्षअखेर ३० जून. त्याच्या आदल्या वर्षी स्टेडियमच्या आवारातली दोन हॉटेलं अशीच भावकीतल्या कंपनीला ७.६५ कोटीला दिली होती. ह्या खिशातून त्या खिशात. भोसरीतला एखादा कारखानदार मार्चअखेरीला स्वतःचीच शेड स्वतःच्याच दुसऱ्या फर्मला विकतो, बँकेला रेशो दाखवायला, तेव्हा आम्ही पहिला प्रश्न विचारतो की किंमत कोणी ठरवली आणि पैसे खरंच फिरले का. प्रीमियर लीगनेही हॉटेलांच्या बाबतीत किंमत वाजवी आहे का एवढंच तपासलं, आणि हो म्हटलं. कारण त्यांच्या नियमात ग्रुपमधल्या विक्रीला मनाईच नव्हती. ही वाट बंद करायचा प्रस्ताव २०२४ मध्ये क्लबांसमोर आला होता, पुरेशी मतं पडली नाहीत. मतं कोणाची? क्लबांचीच. खेळाडूंनीच अंपायर नेमायचा म्हटल्यावर काय होणार.

युएफाने मात्र हा नफा धरलाच नाही. त्यांच्या नियमात अशी विक्री उत्पन्नात येत नाही, त्यामुळे तिकडे चेल्सी उघडी पडली आणि जुलै २०२५ मध्ये ३.१ कोटी युरोचा दंड बसला, अटी पाळल्या नाहीत तर अजून. म्हणजे चेल्सी सुटली हे अर्धंच खरं. पॉइंट गेले नाहीत, पैसे गेले, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला पैशाचा दंड म्हणजे फार तर तिकिटाचा खर्च.

डर्बी काउंटी ह्या चॅम्पियनशिपमधल्या क्लबची गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला ती सगळ्यात जवळची. त्यांनीही स्टेडियम मालकाच्याच कंपनीला ८ कोटीच्या वर किमतीला विकलं, त्या आरोपातून ते सुटले. अडकले कुठे, तर अमॉर्टायझेशनमध्ये. बाकी सगळे फी सारखी वाटून शून्यावर आणतात, डर्बीने म्हटलं की कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधी आम्ही हा खेळाडू विकणारच, तेव्हा त्याची काहीतरी किंमत येणारच, म्हणून ती उरलेली किंमत आम्ही आधीच धरतो आणि तेवढा खर्च कमी दाखवतो. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं ना? पण अकाउंटिंग स्टँडर्ड काय म्हणतं, की इनटँजिबलची अखेरची किंमत शून्यच धरा, अपवाद दोनच, एक तर कोणीतरी घ्यायचं आधीच लेखी कबूल केलेलं असेल, किंवा त्या वस्तूचा असा बाजार असेल की जिथे भाव रोज उघड दिसतो. कुठल्याही लेफ्ट बॅकला असा बाजार नसतो. पहिल्या सुनावणीत ते सुटले होते, लीगने अपील केलं, आणि अपिलात पडले. ह्यापायी ९ पॉइंट, आणि तोवर क्लब दिवाळखोरीपायी प्रशासकाच्या हातात गेल्यामुळे १२, एकूण २१. २०२२ मध्ये खाली घसरले. एका अकाउंटिंग पॉलिसीच्या नोटवरून डिव्हिजन जाऊ शकते, हे मी आर्टिकलच्या पोरांना दर वर्षी सांगतो, तेवढा एकच दिवस ते कान देऊन ऐकतात.

स्पेनची पद्धत मला जास्त आवडते. इंग्लंडमध्ये आधी खर्च करा, मग दोन वर्षांनी कमिशन बसेल. स्पेनमध्ये ला लिगा सीझनच्या आधीच प्रत्येक क्लबला आकडा देते की टीमवर एवढाच खर्च, आणि त्यात बसला नाही तर खेळाडूचं रजिस्ट्रेशनच होत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सी गेला तो ह्याच कारणाने, बार्सिलोनाला ठेवायचा होता, त्याला राहायचं होतं, आकड्यात बसत नव्हता. जगातला सर्वात मोठा खेळाडू असूनही नियम वाकला नाही, ह्याला म्हणतात इंटर्नल कंट्रोल. अर्थात बार्सानेही पुढच्या वर्षी टीव्ही हक्कांचा २५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी विकून आकडा वाढवून घेतलाच. पंचवीस वर्षांचं उत्पन्न आज खाल्लं. नियम पाळून.

पुढे काय, तर इंग्लंडमध्ये तोटा मोजायची पद्धत जातेय. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबांनी मतदान करून ठरवलं की २०२६-२७ पासून टीमवरचा खर्च, म्हणजे पगार, अमॉर्टायझेशन, एजंटची फी, हे उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवा. युएफाकडे हेच आधीपासून आहे, ९० टक्क्यांपासून सुरू करून २०२५-२६ ला ७० वर आणलं. ह्यात हॉटेल विकून फायदा नाही कारण उत्पन्न फुटबॉलचंच धरायचं. चांगलं आहे. पण ह्याची दुसरी बाजू बघा. रियल माद्रिदने २०२३-२४ मध्ये अब्ज युरो उत्पन्नाचा टप्पा पार केला, त्याचे ७० टक्के म्हणजे ७० कोटी. ज्याचं उत्पन्न १० कोटी त्याला ७ कोटी. दोघांनीही नियम पाळला तर माद्रिद कायम दसपट खर्च करणार. आजचा मोठा उद्याही मोठा, हे आता नियमात लिहून झालं. मालकाने स्वतःचे पैसे घालून लहान क्लब वर काढायचा रस्ता, जो अब्रामोविचने २००३ नंतर चेल्सीत वापरला, तो आता जवळपास बंद. काहींना हे बरं वाटतं. मला अर्धवट वाटतं.

आता पुणे.

बालेवाडीच्या स्टेडियममध्ये आपण किती क्लब बघितले आठवतंय? पुणे एफसी, २००७ पासून, पिरामल ग्रुपचा, आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, चांगला खेळणारा, अकॅडमी व्यवस्थित. भारत एफसी, कल्याणी ग्रुपचा, २०१४-१५ चा एकच सीझन. डीएसके शिवाजियन्स, लिव्हरपूलबरोबर अकॅडमी वगैरे, २०१७ मध्ये बाहेर. आणि एफसी पुणे सिटी, २०१४ पासून आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग), हृतिक रोशन मालकांपैकी एक, लोक मॅचपेक्षा त्याला बघायला यायचे, २०१९ ला तोही बंद झाला आणि जागा हैदराबादला गेली. चार क्लब, बारा वर्षांत. पुणे एफसी गुंडाळल्यावर तिची अकॅडमी पुणे सिटीने घेतली, मग पुणे सिटीही गेली. त्या अकॅडमीतल्या पोरांनी काय करायचं हा प्रश्न कुठल्याच बॅलन्स शीटवर येत नाही.

ह्यातला एकही क्लब खर्चाची मर्यादा मोडली म्हणून बंद पडला नाही. आयएसएलमध्ये तर पगारावर कॅप होती. पीएसआर जसाच्या तसा इथे आणला असता तरी चारही पास झाले असते आणि चारही बंद पडले असते. कारण प्रश्न तोट्याचा नव्हता, तोटा तर पहिल्या दिवसापासून ठरलेलाच होता, प्रश्न होता तो भरणारा माणूस किती वर्षं टिकणार. मालकाचा इंटरेस्ट गेला किंवा मालकाचाच धंदा अडचणीत आला की क्लब बंद. तिकिटाचं उत्पन्न नावाला, टीव्हीचे पैसे क्लबच्या हातात नाहीत, खेळाडू विकून फार मिळत नाही. २०२५ मध्ये परत तेच दिसलं, लीग चालवण्याचा करार संपत आला, नवीन होईना, तर ऑगस्टमध्ये बेंगळुरूसारख्या क्लबने पहिल्या टीमचे पगार थांबवले. तिथे कोणी एक रुपया मर्यादेबाहेर खर्च केला नव्हता.

म्हणून माझ्या मते आपल्याकडे गरज आहे ती वेगळ्या तपासणीची. मालकाकडून पुढच्या तीन वर्षांच्या तोट्याइतके पैसे आधीच बाजूला, एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यात, किंवा बँक गॅरंटी म्हणून. महापालिकेचं छोटं टेंडर भरायचं तरी डिपॉझिट लागतं हो, आणि लीगमधला क्लब चालवायला नुसतं प्रेझेंटेशन? खेळाडूंचे, स्टाफचे, हॉटेलवाल्याचे पैसे थकलेत का हे दर तिमाहीला तपासायचं, युएफा हे थकबाकीचं काम खरंच नीट करते आणि त्याची बातमी कधी होत नाही कारण ती कंटाळवाणी आहे. आणि क्लब बंद करायचा तर एक वर्ष आधी नोटीस. इंग्लंडमध्ये बरी नावाचा जुना क्लब २०१९ मध्ये लीगमधून काढला गेला, त्यानंतर बरीच ओरड होऊन २०२५ मध्ये कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला, जो मालकाचे पैसे कुठून येणार, किती दिवस येणार हे विचारणार. मला तो पॉइंट कापण्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

तुला स्वतःला बघायचं असेल तर इंग्लिश क्लबांची अकाउंट्स त्यांच्या सरकारी कंपनी रजिस्टरवर फुकट मिळतात, आपल्यासारखे शंभर रुपये भरावे लागत नाहीत. ३० जून वर्षअखेर असलेल्या प्रायव्हेट कंपनीला नऊ महिने मिळतात, म्हणून बरीच अकाउंट्स ३१ मार्चच्या आसपास पडतात, नेमकं आमचं डोकं फिरलेलं असतं तेव्हा. नफा-तोटा शेवटी बघ. आधी पगार भागिले उत्पन्न काढ. मग ट्रान्सफरचे देणे किती नि येणे किती हे नोट्समध्ये शोध, कारण हप्त्यांवर घेतलेले खेळाडू तिथे लपलेले असतात. मग मालकाचं कर्ज आहे की कॅपिटल ते बघ, कर्ज मालक कधीही परत मागू शकतो. आणि रिलेटेड पार्टीची, म्हणजे भावकीतल्या कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची, नोट शेवटच्या पानापर्यंत वाच, वर्षअखेरीनंतरच्या घटनांची नोट पण, फॉरेस्टचा जॉन्सन असल्याच नोटेत सापडतो. एव्हर्टन आणि चेल्सी दोघांची २०२३-२४ ची घेऊन बस शेजारी शेजारी, अडलं तर विचार, फक्त सप्टेंबरअखेरीला विचारू नको, टॅक्स ऑडिट असतं.